तुझ्या नावाची हजेरी

१९ जून

चिंगे,

आज माझा वाढदिवस. सत्तावन्न पूर्ण झाली. म्हणजे कागदोपत्री तुझीही झाली. तुझ्या कचेरीत दुपारी केक आला असेल, साहेब दोन शब्द बोलले असतील, तू नको नको म्हणत सुरी हातात घेतली असशील. ज्या नावाने सगळ्यांनी तुला शुभेच्छा दिल्या ते नाव माझं, तारीखही माझीच. इथे मला कोणी काही म्हटलं नाही. सूनबाईला तारीख ठाऊक नाही आणि मुलाच्या लक्षात राहत नाही. म्हटलं, आपणच आपल्याला पत्र लिहावं. पाकिटावर माझं माहेरचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली तुझ्या कचेरीचा पत्ता. घरचा पत्ता तू कधी कळवलाच नाहीस.

बारा वर्षांनी लिहितेय. भांडण उकरून काढायला नाही, एक बातमी द्यायला. मी शाळेत जायला लागलेय. संध्याकाळी सहा ते साडेआठ, मोठ्या माणसांचा वर्ग, दहावी.

हो, तीच दहावी. मी सोळाव्या वर्षी पास झाले आणि तू दोनदा आपटलीस, तीच.

कारण ऐक. मी ज्या इस्पितळात काम करते तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, मोजून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालायची एक खोली आहे. आम्ही तिला पॅकिंग म्हणतो. अकरा वर्षं मी तिथे आहे. कुठल्या ट्रेमध्ये किती चिमटे आणि किती कात्र्या, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. यंदा नवीन मेट्रन आली आणि तिने नियम काढला की पॅकिंगमध्ये माणूस दहावी पासच हवा. नसेल तर वर्षाची मुदत, मग व्हरांडे पुसायचे. माझे गुडघे आता वाकत नाहीत हे तुला माहीत असायचं काही कारण नाही.

"दाखला आणा, विषय संपला," मेट्रन म्हणाली.

माझा दाखला कुठे आहे ते तुला मी काय सांगायचं? एकोणचाळीस वर्षांपूर्वी कचेरीतून नोकरीचं बोलावणं माझ्या नावावर आलं. मी लग्न होऊन बसलेली, पोटुशी. आईने माझा दाखला उचलून तुझ्या पिशवीत घातला. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. तू माझं नाव सांगत गेलीस आणि खुर्चीवर बसलीस ती आजतागायत.

शाळेत नाव घालायला काहीतरी कागद लागतो. आईच्या पत्र्याच्या पेटीत तुझा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, अनुत्तीर्ण असा शेरा असलेला. तोच दिला. लग्नात नाव बदललं असं प्रतिज्ञापत्र करून जोडलं. तेव्हा आता हजेरीपटावर तुझं नाव आहे. बाई तुझं नाव पुकारतात आणि मी हजर म्हणते. फिट्टंफाट झाली म्हण हवं तर.

ताई


२४ जुलै

चिंगे,

तुझं उत्तर नाही. आलं असतं तर मीच दचकले असते.

शाळा कशी आहे ते सांगते, तू विचारलं नाहीस तरी. दिवसा तिथे लहान मुलं असतात, त्यांचीच बाकं. आत शिरताना आधी एक पाय घालायचा, मग कंबर वळवायची, मग दुसरा पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उठताना हेच उलट. आम्ही नऊजण आहोत. माझ्या शेजारी एक न्हावी बसतो, त्याच्या अंगाला पावडरचा वास येतो. मागे एक वॉचमन, तो गणवेशातच येतो, कारण नऊला त्याची पाळी सुरू होते. बाई सव्वीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी मला आजी म्हणाल्या. मी म्हटलं, "घरी आहेच मी आजी, इथे तरी राहू द्या." तेव्हापासून ताई म्हणतात. हा शब्द ऐकून किती वर्षं झाली होती त्याचा हिशेब तूच कर.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, शाळा का सुटली. न्हाव्याचा बाप गेला होता. वॉचमन म्हणाला, "मला मास्तर मारायचे, एक दिवस मी मारलं." सगळे हसले. माझी पाळी आली. कागदावर जे लिहिलंय तेच बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "दहावीला गणितात दोनदा नापास झाले."

सगळ्या वर्गाने च्च् केलं. बाई म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय?" मी खाली बसले आणि कान नुसते तापले. चिंगे, तुझं नापास होणं मी चारचौघांत उभं राहून कबूल केलं. तू आयुष्यात कधी केलंस?

गंमत पुढेच आहे. मला वाटलं होतं, एकदा पास झालेली बाई मी, पुस्तक उघडलं की सगळं आठवेल. कसलं काय. धड्यातल्या कविता पाठ निघाल्या, इतिहास अर्धा आठवला, पण गणिताने तोंड फिरवलं. क्ष दिसला की डोळ्यांपुढे काजवे. पास झालेली मी, आणि येत मात्र काही नाही. पॅकिंगमध्ये आमचा एक नियम आहे. वाफेतून निघालेलं पाकीट एकदा उघडलं, की आतलं हत्यार वापरलं असो वा नसो, सगळं पहिल्यापासून. पुन्हा धुवायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा वाफ, नवी चिठ्ठी. माझं तेच चाललंय.

घरी सूनबाईचा तोंडाचा पट्टा चालू असतो. "आई, या वयात कलेक्टर व्हायचंय का? संध्याकाळची भाजी कोण चिरणार?" मी म्हटलं, "चिरून ठेवून जाते." तर म्हणाली, "चिरलेली भाजी काळी पडते." मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नाही. त्या दोघांना मी खरं काहीही सांगितलेलं नाही. परीक्षेच्या फॉर्मवर तुझं नाव बघून सूनबाईने विचारलं, तेव्हा माझं माहेरचं नाव म्हणून सांगितलं.

ताई


४ सप्टेंबर

माननीय बाईसाहेब,

आपलं पत्र पोचलं. कचेरीचा छापील कागद, वर जावक क्रमांक, खाली शिक्का. "आपल्या पत्रांतील विषयाशी या कार्यालयाचा संबंध नाही. यापुढे या पत्त्यावर पत्रव्यवहार करू नये." आणि त्याखाली सही.

ती सही मी किती वेळ बघत बसले. माझी सही. मला पत्र लिहू नकोस असं मलाच माझ्या सहीनिशी कळवलंय. आणि काय झोकात काढतेस गं! माझी आता थरथरते, शेवटची शेपटी खाली पडते. तुझी अजून सोळा वर्षांच्या मुलीसारखी ताठ.

मी भांडणार नाही म्हटलं होतं. आता भांडणार.

बारा वर्षांपूर्वी, हे गेल्यानंतर, मी तुझ्या कचेरीत आले होते. आठवतं ना? नोकरी शोधत होते. तेव्हाही सगळीकडे दाखलाच मागत होते. वाटलं, निदान एक झेरॉक्स तरी देशील. तू टेबलापाशी होतीस, चष्मा साखळीला लावलेला, समोर दोघी कारकून मुली चहा पीत होत्या. त्यातल्या एकीने खुर्ची दिली आणि विचारलं, "काकू, आपलं नाव?" आणि मी मूर्खासारखं माझं नाव सांगितलं. दुसरं काय सांगणार? आयुष्यभर तेच सांगत आले होते.

ती मुलगी हसली. "अय्या, मॅडमचंच नाव! नात्यातल्या का तुम्ही?"

मी तुझ्याकडे बघितलं. एका आईच्या दोन मुलींची नावं एकच नसतात हे माझ्या आधी तुझ्या लक्षात आलं. तू फायलीतून डोकं वर न काढता म्हणालीस, "आमच्या घरी कामाला होत्या पूर्वी." आणि मग त्या मुलीला, "त्यांना चहा द्या आणि रिक्षापर्यंत सोडा."

मी तो चहा प्यायले, चिंगे. कप खाली ठेवायचंसुद्धा भान नव्हतं. रिक्षापर्यंत ती पोरगी माझा हात धरून आली आणि म्हणाली, मॅडम फार मायाळू आहेत.

आता ऐक. शाळेच्या कचेरीत मी विचारून आलेय. हरवलेल्या दाखल्याची दुसरी प्रत मिळते. अर्ज करायचा आणि वर्तमानपत्रात पूर्ण नाव, परीक्षेचं वर्ष आणि बैठक क्रमांक छापायचा, की मूळ दाखला कोणाकडे असल्यास कळवावं. बस्स. तुझ्या कचेरीत रोज सकाळी वर्तमानपत्र येतं, मी पाहिलंय. अर्ज मी लिहून ठेवलाय. चार घड्या करून पर्समध्ये आहे. बीजगणितात डोकं फोडण्यापेक्षा ते किती सोपं! तुझ्या निवृत्तीची तारीख मला कोणी सांगायला नको, माझ्याच अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या महिन्याची अखेर. त्याच्या आत छापून आलं तर काय होईल ते तू जाणतेस.

तुझी कामवाली


१३ नोव्हेंबर

चिंगे,

मागचं पत्र पेटीत टाकलं खरं. अर्ज दिला नाही. तुझ्यासाठी थांबले असं समजू नकोस.

सहामाहीचा निकाल लागला. गणितात पन्नासपैकी अकरा. न्हाव्याला एकोणतीस. बाईंनी पेपर उलटा करून दिला, कोणाला दिसू नये म्हणून. त्यांचं चांगलं वागणंच मला झोंबलं. शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही घाबरता. उदाहरण वाचायच्या आधीच येणार नाही म्हणून ठरवता." मी तिथल्या नळावर तोंड धुतलं.

मग घरी येऊन पेटीतल्या तुझ्या दोन गुणपत्रिका काढल्या. एकोणीस आणि बावीस, खाली लाल रेघ. तुझा तो निकाल मला लख्ख आठवतो. तू माळ्यावर जाऊन बसली होतीस आणि मी खालून हसत होते. माझे चौऱ्याहत्तर होते ना. "बावीस नंबरच्या बाई, जेवायला या," असं मी ओरडले होते. आई मला रागावली. तू विसरली असशील. मी विसरले होते, आता अकरा मिळाल्यावर आठवलं.

आठवायलाच बसले तर आणखी एक गोष्ट. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला कोणी विचारलं नाही. ते खोटं आहे.

विचारलं होतं. आईने माझ्यासमोर दाखला धरला आणि म्हणाली, "तुझ्या घरचे तुला पाठवायचे नाहीत. मग हिला जाऊ दे का?" मी हो म्हटलं. दाखला मीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वर रबर लावलं. आणि सही? सही तुला कोणी शिकवली? मागच्या खोलीत, दार लावून, दुपारभर. वहीची चार पानं भरली. तुझं शेवटचं अक्षर सारखं खाली घसरायचं. मी तुझं मनगट धरून म्हणायचे, "शेपटी वर घे, वर घे." शेवटची सही मला माझ्या सहीशेजारी ठेवून ओळखता आली नाही तेव्हा आपण दोघी टाळ्या पिटून हसलो.

अर्ज दिला नाही याचं निम्मं कारण हे आहे. पकडायला आले तर दोघींना पकडतील. आणि उरलेलं निम्मं कारण सांगायला जड जातं. तेव्हा मला वाईट वाटलंच नव्हतं. सासरी सकाळपासून पाणी भरताना मी मनात म्हणायचे, मी नाही तर नाही, माझं नाव तरी खुर्चीवर बसलंय. कोणीतरी रोज त्या नावापुढे बाई लावतंय. इतका आनंद व्हायचा मला. म्हणून तर त्या दिवशी तू "कामाला होत्या" म्हणालीस ते इतकं लागलं. नोकरी घे, दाखला घे, तारीख घे. पण मी ते दिलं होतं, एवढं तरी तुला आठवायला हवं होतं.

आई सांगायची, तुझी दोन स्थळं, मुलाकडचे कागद बघायला मागतील या भीतीने, तूच मोडलीस. म्हणजे तुलाही फुकट पडलं नाही. पण त्यामुळे माझा राग कमी झाला असं नाही.

ताई


१२ मार्च

चिंगे,

परीक्षा चालू आहे. गणित झालं. जे झालं ते सांगते.

आमच्या पॅकिंगमध्ये आधी चिठ्ठीवर सही करायची आणि मग ट्रे बांधायचा. म्हणजे चुकलं तर नंतर मी नव्हेच म्हणता येत नाही. चिठ्ठी हाताखाली आली की नुसतं पहिलं नाव, वळणासकट, बघावंही लागत नाही. अकरा वर्षांची सवय. दिवसाला चाळीसेक सह्या तरी होतातच.

गणिताची उत्तरपत्रिका समोर आली. माझं लक्ष प्रश्नपत्रिकेच्या गठ्ठ्याकडे. पर्यवेक्षक म्हणाले, "सही करा," आणि मी केली. उत्तरपत्रिकेवर, हजेरीच्या तक्त्यावर, दोन्हीकडे. माझी.

ते पुढे गेले आणि दोन बाकांवरून परत आले. माझं प्रवेशपत्र उचललं. त्यावर नाव तुझं.

"बाई, हे नाव कोणाचं? तुमच्या जागी दुसरं कोणी बसणार होतं का?"

सगळ्या वर्गाने माना वळवल्या. न्हाव्याने पेन खाली ठेवलं. मला बाहेर नेलं, केंद्रप्रमुखांच्या टेबलापाशी. टक्कल पडलेला साधा माणूस, समोर डबा उघडलेला. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "हे बघा, खरं सांगा. इथे डमी बसण्याचा गुन्हा होतो. हे नाव कोणाचं?"

चिंगे, लग्नात बदललेलं नाव म्हणावं तर ते प्रतिज्ञापत्र शाळेच्या फायलीत. पर्स मात्र माझ्या खांद्याला होती. तिच्यात तो अर्ज. मी म्हणू शकत होते की हे नाव माझं आहे, मी एक्केचाळीस वर्षांपूर्वी पास झाले आहे, चला जुनी रजिस्टरं उघडा, आणि तिकडे अमुक कचेरीत कोण बसलंय ते विचारा. जिभेवर आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. परीक्षा गेली असती, पॅकिंग गेलं असतं, पण तुझे शेवटचे साडेतीन महिने मी होत्याचे नव्हते केले असते. आणि खोटं कशाला सांगू, त्या चहाच्या कपाची मला त्या टेबलापाशी चव आली.

मी म्हटलं, "मोठ्या बहिणीचं नाव आहे."

"मग तुम्ही का लिहिलंत?"

"ती वारली. तिच्याकडून सही शिकले होते. घाबरले की हात तसाच चालतो."

त्याने डब्याचं झाकण लावलं. प्रवेशपत्रावरचा फोटो आणि माझं तोंड ताडून पाहिलं. मग म्हणाला, "खोडा ते. वर एकच रेघ मारा, वाचता आलं पाहिजे. शेजारी तुमची सही करा."

मी माझ्या नावावर रेघ मारली. दोन्ही कागदांवर.  मग शेजारी तुझं नाव लिहिलं, तुझं खरं, शाळेतलं, जे तुला आता कोणी हाक मारत नाही.

पंचवीस मिनिटं गेली होती. आत येऊन बसले तेव्हा भीती पार मेली होती. मेलेल्या माणसाला गणिताचं काय भय? एकेक उदाहरण पूर्ण वाचलं.

ताई


११ जून

चिंगे,

तू पास झालीस.

गुणपत्रिकेची झेरॉक्स सोबत आहे. गणितात त्रेसष्ट. माझ्या पहिल्या खेपेचे चौऱ्याहत्तर तुझ्याकडे आहेतच. न्हावी इंग्रजीत राहिला, ऑक्टोबरला पुन्हा बसणार आहे. वॉचमन पास झाला आणि त्याने बाईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तर बाकातून त्याचा पायच निघेना. बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांचा डाग पुसलात तुम्ही." मी म्हटलं, "हो, पुसला एकदाचा." कोणाचा ते काय सांगायचं.

दाखल्याची झेरॉक्स घडी करून मेट्रनकडे नेली. तिने न उघडता फाइलमध्ये घातली. "ठीक आहे, जा कामाला," म्हणाली. वर्षभर जीव काढला तो एवढ्यासाठी. सूनबाईने मात्र त्या संध्याकाळी भाजी स्वतः चिरली आणि मला तसं सांगितलंही.

अर्ज अजून पर्समध्ये आहे. फाडवत नाही. पण तो मी आता देणार नाही हे तुला कळलंच असेल. त्या नावाची बाई मेल्याचं मी माझ्याच तोंडाने सांगून आलेय.

या तीस तारखेला तुझा निरोप समारंभ. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल भाषणं होतील. माझं नाव घेऊन साहेब म्हणतील की फार प्रामाणिक, कधी एक दिवस उशीर नाही. ती चहा देणारी मुलगी आता मोठी झाली असेल, ती रडेल. मानपत्रावर माझं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असेल. माझ्या नावाचं एवढं कौतुक पुन्हा कधी व्हायचं नाही.

मला ते ऐकायचं आहे, चिंगे. गेलं वर्षभर तुला शिव्या घालत लिहिलं, पण मागायचं होतं ते एवढंच. बोलाव मला. ओळख करून देऊ नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. मी शेवटच्या रांगेत बसेन, चहा पिणार नाही, भाषणं संपली की उठून जाईन.

आणि या खेपेला कोणी नाव विचारलंच, तर तुझं सांगेन. दाखलाही बरोबर आणेन.

ताई